ॲपमधली ओव्ह्युलेशनची तारीख येते कुठून, आणि तिच्यावर नवऱ्याची रजा टाकावी का?

आकडेमोड_लातूर
आजकाल घरटी एका तरी पोरीच्या मोबाईलमध्ये पाळीचं ॲप असतं. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो, त्यामुळं नात्यातल्या दोघींनी बायकोमार्फत विचारून घेतलं (थेट मला कोण विचारतंय!) की ॲप ओव्ह्युलेशनची, म्हणजे बीज सुटायची, जी तारीख दाखवतंय ती किती खरी मानायची, कारण नवऱ्याची रजा त्या तारखेवर टाकायची असते. फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून इथं लिहितोय, लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ॲपला पोटातलं काही म्हणजे काहीच दिसत नाही. तुम्ही भरलेल्या पाळीच्या तारखा एवढंच बहुतेक ॲपचं भांडवल. त्यावरून ॲप सरासरी काढतं, पुढची पाळी कधी येईल ते ठरवतं आणि तिथून चौदा-एक दिवस मागं जाऊन ठिपका मारतं. हे मागं मोजणं जुनंच आहे, जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी १९२० च्या दशकात एकमेकांपासून वेगळं काम करून हेच काढलं होतं की बीज सुटायचा दिवस मागच्या पाळीपेक्षा पुढच्या पाळीला जास्त बांधलेला असतो. गोची एवढीच की पुढची पाळी अजून यायची असते. म्हणजे जिथून मागं मोजायचं ती जागाच अंदाजाची, आणि ॲप मात्र तारीख अशी दाखवतं जणू तहसीलमधून शिक्का मारून आणलीय.

पसारा किती ते बघा. २०१९ मध्ये नॅचरल सायकल्स या ॲपवरच्या ६ लाखांहून जास्त चक्रांचा अभ्यास छापून आला. सरासरी चक्र २९.३ दिवसांचं, त्यात बीज सुटेपर्यंतचा भाग सरासरी १६.९ दिवस आणि तिथून पुढच्या पाळीपर्यंत १२.४. बरोबर २८ दिवसांची चक्रं १३ टक्केच. आणि त्याच्याही आधी, २००० साली, विल्कॉक्स आणि मंडळींनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दाखवलं होतं की पुस्तकात चक्राचे १० ते १७ हे जे फर्टाईल दिवस छापलेले असतात, त्यात सगळी खिडकी, म्हणजे दिवस राहू शकतात ते सगळे दिवस, बसते अशा बाया ३० टक्केच. बाकीच्यांची खिडकी थोडी किंवा पूर्ण बाहेर.

आता खिडकी म्हणजे काय. याच विल्कॉक्स यांचा १९९५ चा अभ्यास, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या २२१ बाया, सगळ्या मूल हवं म्हणून प्रयत्न करणाऱ्या. निघालं असं की दिवस राहू शकतात ते सहाच दिवस, बीज सुटायचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. पाच दिवस आधी एकदाच संबंध आला तर शक्यता सुमारे १० टक्के, मग १६, १४, २७, ३१ आणि बीज सुटायच्या दिवशी ३३. दुसऱ्या दिवसापासून त्या अभ्यासात एकही नाही. पुरुषाचं बीज आत पाचेक दिवस तग धरतं, बाईचं जेमतेम एक दिवस, म्हणून हे असं एकतर्फी. माझं म्हणणं एवढंच की लोक ॲपमधल्या त्या मोठ्या ठिपक्याची वाट बघत बसतात, आणि ठिपका एका दिवसानं जरी चुकला तरी गाडी गेलेली असते. थांबायचं नसतं, आधीच्या दिवसांना धरायचं असतं.

परभणी_पॅसेंजर
जगात जर्मनी, भारतात परभणी, आणि आता ॲपात ओव्ह्युलेशन 😄 सर एक शंका, सिरियस हाय. १९९५ ला त्यांना कसं कळलं बीज कोणत्या दिवशी सुटलं? रोज सोनोग्राफी करायलते का काय?

आकडेमोड_लातूर
नाही हो. रोज सकाळची लघवी डबीत धरून फ्रीजरला ठेवायची, नंतर लॅबमध्ये त्यातले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे अंश मोजायचे. या दोन हार्मोन्सचं एकमेकांशी असलेलं गुणोत्तर बीज सुटायच्या सुमारास धाडकन पडतं, ती पडायची जागा म्हणजे तो दिवस. तरी एखाद्या दिवसाची चूक राहतेच. आणि ही चूक मोठी मजेदार असते, ती खिडकीला दोन्ही बाजूंनी पसरवते, म्हणजे खरी खिडकी आहे त्याहून रुंद दिसते. डन्सन नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९९९ मध्ये मोजमापाची चूकच मॉडेलमध्ये घालून हे गणित परत मांडलं होतं. मला या सगळ्यात तेच काम सगळ्यात आवडतं, पण ते वर्गात शिकवायला गेलो की पोरं खिडकीबाहेर बघतात.

उदगीरचा_गुरांचा_डॉक्टर
आमच्याकडं हे लई सोपं असतं बघा. देवणी गाय माजावर आली की हंबरती, दुसरीवर चढती, सोट टाकती, शेतकरी सकाळी फोन करतो तर आम्ही संध्याकाळी भरवायला जातो, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गाईचं बीज माज संपल्यावर दहा-बारा तासांनी सुटतं, म्हणून आधीच जाऊन वळूचं बीज आत ठेवायचं. गणित तेच हाय जे सरांनी सांगितलं, थांबायचं नसतं. फरक एवढाच की गाय सांगती, बाई सांगत नाही.

अंबाजोगाईची_डॉक्टर
डॉक्टरसाहेब, बाईचं शरीरही सांगतं, कुणी विचारत नाही एवढंच. त्या दिवसांत अंगावरून जाणारं पांढरं पातळ, चकचकीत, बोटांत धरलं तर तार येणारं होतं. हे फुकटचं लक्षण आहे आणि ॲपच्या ठिपक्यापेक्षा भरवशाचं. ओपीडीत बाया पांढरं जातंय म्हणून घाबरून औषध मागायला येतात, त्यातल्या किती तरी जणींना काही झालेलंच नसतं, त्यांचे फर्टाईल दिवस चालू असतात.

नांदेडी_कोडर
सर, मी तुमचे आकडे घेऊन गणित केलं. सहाच्या सहा दिवस संबंध आले तर एकदाही न राहण्याची शक्यता म्हणजे ०.९० गुणिले ०.८४ गुणिले ०.८६ गुणिले ०.७३ गुणिले ०.६९ गुणिले ०.६७, ते आलं ०.२२. म्हणजे राहण्याची शक्यता ७८ टक्के. असं असेल तर दोन महिन्यांत गावातल्या सगळ्यांना दिवस राहायला पाहिजेत, मग एवढी आयव्हीएफ सेंटरं चालतात कशावर?

आकडेमोड_लातूर
वा, हाच प्रश्न पाहिजे होता. तुम्ही आत्ता जे केलं तेच १९६९ मध्ये बॅरेट आणि मार्शल यांनी केलं होतं, इंग्लंडमधल्या जोडप्यांच्या तापमानाच्या तक्त्यांवरून. गृहीतक असं की प्रत्येक दिवसाचं पुरुषाचं बीज स्वतंत्रपणे नशीब आजमावतं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मॉडेल साधं, देखणं, आणि अजूनही सगळे तिथूनच सुरुवात करतात.

पण प्रत्यक्षात काय झालं? त्या १९९५ च्या अभ्यासात खिडकीत रोज संबंध असले तर अंदाज आला ३७ टक्के. एक दिवसाआड ३३. आठवड्यातून एकदा १५. म्हणजे तुमचे ७८ कुठं आणि ३७ कुठं.

मधे काय हरवलं ते १९८० मध्ये श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी मॉडेलमध्ये घातलं. ते म्हणाले की दिवसांचा गुणाकार ठीक आहे, पण त्याच्या बाहेर आख्ख्या चक्राचा एक आकडा लावा. काही चक्रं मुळातच फळणारी नसतात, बीज चांगलं नसेल, गर्भ रुजला नसेल, पुरुषाकडून काही असेल, कारण काहीही असो, त्या महिन्यात तुम्ही सहा दिवस काय साठ दिवस प्रयत्न केले तरी शून्य. हा चक्राचा आकडा इथं साधारण ३७ टक्के येतो. एकदा का चक्र फळणारं आहे म्हटलं की मग त्यात योग्य दिवशी एकदा संबंध आला तरी बहुतेक काम होतं (३३ भागिले ३७ करून बघा), रोज करून फक्त चारच टक्के वाढतात.

याचा घरगुती अर्थ फार मोठा आहे. एखाद्या महिन्यात तारखा अगदी अचूक गाठल्या आणि तरी पाळी आली तर सून काही चुकली असं नसतं, तंदुरुस्त जोडप्यांचेसुद्धा शंभरातले साठाहून जास्त महिने असेच जातात. हे सासूबाईंना वाचून दाखवा.

सोनपेठची_सून
सर, माझं ॲप ११ ते १६ तारीख... म्हणजे ११ ते १६ वा दिवस दाखवतं. माझी पाळी ३१ ते ३५ दिवसांनी येते. आमचे हे चाकणला कंपनीत आहेत, शिफ्टचं काम, पंधरा दिवसाला शनिवार-रविवार येतात, तेही रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं दमून. घरचे म्हणायलेत वर्ष होऊन गेलं, आता दवाखाना करा. मलाच आत कुठंतरी वाटायलंय की वर्ष झालंच नाही. वेड्यासारखं वाटत असेल तर सोडून द्या.

आकडेमोड_लातूर
ताई, वेड्यासारखं अजिबात नाही, तुमचं म्हणणं गणितानं सिद्ध होतं.

आधी ॲपचं. ३३ दिवसांचं चक्र धरलं आणि मागून बारा-तेरा दिवस मोजले तर बीज सुटायचा दिवस येतो विसाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे खिडकी साधारण १५ ते २०, त्यात दोन-तीन दिवस इकडंतिकडं. तुमचं ॲप ११ ते १६ म्हणतंय म्हणजे ते अजून छोट्या चक्राच्याच साच्यात अडकलंय, सेटिंगमध्ये चक्राची लांबी बदलली का ते बघा. त्या तारखांवर टाकलेली रजा बहुतेक वाया गेली असणार.

आता पंधरा दिवसाचं. दोन रात्री घरी, मग बारा दिवस नाही, परत दोन रात्री. खिडकी सहा दिवसांची. या दोन्हींची जुळणी चौदा प्रकारे होऊ शकते, त्यातल्या सातच प्रकारांत निदान एक रात्र खिडकीत पडते. निम्मी चक्रं सरळ बाद! आणि शेवटचे तीन दिवस, ज्यात खरा जोर आहे, त्यातला एक तरी दिवस सापडेल अशा जुळण्या चौदापैकी चार. डॉक्टर लोक 'वर्षभर प्रयत्न करून नाही राहिलं तर तपासा' म्हणतात ते नियमित एकत्र राहणाऱ्या जोडप्यासाठी. तुमचं कॅलेंडरवरचं वर्ष म्हणजे प्रयत्नांचे फार तर सहा महिने.

जालन्याची_पूजा
सर माझी पाळी घड्याळासारखी २८ दिवसांनी, आणि आमच्याकडंही पंधरा दिवसालाच येणं. मग माझं तर बरं आहे ना?

आकडेमोड_लातूर
उलट पूजाताई, तुमचं जरा जपून. २८ म्हणजे दोनदा चौदा. यांचं येणं १४ दिवसाला, तुमचं चक्र २८ दिवसाला, म्हणजे पहिल्या महिन्यात जी जुळणी झाली तीच पुढं महिनोन्महिने तशीच चालत राहणार. बसली तर दर महिन्याला बसणार, चुकली तर दर महिन्याला चुकणार, आणि तुम्हाला वाटणार आपण नियमित आहोत मग अडतंय कुठं. सोनपेठच्या ताईंचं चक्र मागंपुढं होतं म्हणून त्यांना अधूनमधून तरी बरोबर शनिवार मिळतो.

उपाय पैशाचा नाही. एकदा फक्त येणं एक आठवडा सरकवायला सांगा. चौदातल्या ज्या सात जुळण्या चुकत होत्या त्या सातही एका आठवड्यानं सरकवल्या की खिडकीत येतात, करून बघा कागदावर.

नांदेडी_कोडर
पायथॉनमध्ये फिरवून बघितलं, खरंच येतंय. मायला, लोक नवसाला पैसे घालायलेत आणि इथं ट्रॅव्हल्सचं तिकीट एक आठवडा पुढं ढकलायचं होतं.

अंबाजोगाईची_डॉक्टर
सरांचं गणित मान्य, पण त्यावर फक्त बसून राहू नका. सोनपेठच्या ताई, वय पस्तिशीच्या पुढं असेल तर सहा महिन्यांतच तपासायचं असतं, वर्षाची वाट नाही. चक्र ३५ च्या पुढं जायला लागलं तर थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन बघून घ्या. आणि पहिली तपासणी नवऱ्याची. वीर्य तपासणी, स्वस्त असते, एका दिवसात रिपोर्ट येतो, आणि तरी बाया ट्यूबची तपासणी करून, दोन गावांचे दवाखाने हिंडून येतात आणि पुरुषाचा रिपोर्ट फाईलमध्ये नसतोच. मी आता तो कागद असल्याशिवाय पुढचं बोलतच नाही. नवऱ्याला चाकणलाच करता येते, त्यासाठी गावी यायची गरज नाही.

आणि अंडं खरंच फुटतंय का हे बघायचं असेल तर फॉलिक्युलर स्टडी. नवव्या-दहाव्या दिवसापासून एक-दोन दिवसाआड सोनोग्राफी, तुमचं चक्र लांब म्हणून थोडी उशिरा सुरू करता येईल. फॉलिकल, म्हणजे अंड्याची पिशवी, रोज साधारण दोन मिलिमीटर वाढतं, १८ ते २४ च्या दरम्यान फुटतं.

परभणी_पॅसेंजर
मॅडम मेडिकलवर त्या पट्ट्या मिळतात लघवीच्या, त्या चालतात का? वहिनीसाठी विचारतोय.

अंबाजोगाईची_डॉक्टर
चालतात. त्या एलएच मोजतात, बीज सुटायच्या आधी उसळणारं हार्मोन, पट्टी पॉझिटिव्ह आली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटायची शक्यता. म्हणजे ही पट्टी पुढचं सांगते. पण पीसीओएस (बीजकोशाचा हार्मोनचा त्रास) असेल तर एलएच कायमच चढा असतो, पट्टी उगाच पॉझिटिव्ह येत राहते आणि बाई गोंधळते. आणि नवरा चाकणला असताना पट्टी पॉझिटिव्ह आली तर तो रात्रीच्या गाडीनं पोचेपर्यंत काटोकाट.

आकडेमोड_लातूर
तापमानाचं कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण काही ॲपं ते मागतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळं सकाळचं तापमान पाव ते अर्धा अंश सेल्सिअसनं चढतं आणि चढलेलंच राहतं. म्हणजे ही खूण झालेल्या गोष्टीची, होणाऱ्या नाही. चार-सहा महिन्यांचा तक्ता असेल तर आपलं अंडं कोणत्या दिवशी सुटतं त्याचा अंदाज सुधारतो, या महिन्याला उपयोग नाही. आणि हे मोजायचं कधी, तर जाग आल्याआल्या, अंथरुणातून उठायच्या आधी. मे महिन्यात आपल्याकडं माणसं गच्चीवर झोपतात, नळाला पाणी पहाटे येतं म्हणून बाई सगळ्यात आधी उठून हंडे लावते, त्यात त्या पाव अंशाची काय दशा होत असेल. मॉडेलच्या भाषेत सांगायचं तर आवाज इतका की खूण ऐकूच येत नाही. हे आकडे सगळे नॉर्थ कॅरोलायना, युरोप आणि स्मार्टफोनवाल्या बायांचे आहेत हेही लक्षात ठेवा. कोयता घेऊन सहा महिने फडावर राहणारी आमच्या बीडची बाई यातल्या एकाही तक्त्यात नाही.

बीड_बायपास
आमच्याकडं म्हातारी माणसं सांगतात सम रात्रीला मुलगा विषम रात्रीला मुलगी. ॲपवरून तसा दिवस धरता येईल का? विचारायला काय हरकत.

संपादक_मंडळ
हरकत आहे. या धाग्यावर मुलगा होण्याचे उपाय चालणार नाहीत.

आकडेमोड_लातूर
संपादक, उडवू नका, उत्तर देऊ द्या. त्याच १९९५ च्या अभ्यासात हेही तपासलं होतं, खिडकीतल्या कोणत्या दिवशी संबंध आला आणि मुलगा झाला की मुलगी, याचा काहीएक संबंध सापडला नाही. आणि बीडच्या माणसानं हे विचारावं म्हणजे कमालच, २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली, महाराष्ट्रात सगळ्यात खाली. ते सम-विषम रात्रींनी नाही झालेलं, कशानं झालंय ते तुम्हालाही माहीत आहे.

नांदेडी_कोडर
सर अजून एक. पहिल्या महिन्यात जी शक्यता असते ती दर महिन्याला तेवढीच राहती का? का कमी होत जाती? कारण सगळे म्हणतात उशीर झाला की अवघड होतं.

आकडेमोड_लातूर
आकड्यात कमी होताना दिसते, पण कारण वेगळं आहे. अमेरिकेत ज्यांना दिवस राहिले होते अशाच बायांना किती चक्रं लागली ते विचारलं होतं, वाइनबर्ग आणि ग्लॅडन यांनी १९८६ मध्ये त्यावर मॉडेल बसवलं. सिगरेट न ओढणाऱ्या ४८६ जणी. पहिल्या चक्रात राहिलं १९८ जणींना, म्हणजे ४१ टक्के. उरलेल्या २८८ मधल्या १०७, ३७ टक्के. मग उरलेल्या १८१ मधल्या ५५, ३० टक्के. आता या तीन महिन्यांत कुणी म्हातारं झालं नाही! ज्यांचं लवकर जमणार होतं त्या आधी रांगेतून निघून गेल्या, मागं उरल्या त्यात हळू जमणाऱ्यांचं प्रमाण वाढत गेलं. प्रत्येकीची स्वतःची शक्यता तीच. फरक जोडप्याजोडप्यांत आहे, याला बीटा-जिओमेट्रिक मॉडेल म्हणतात. सिगरेट ओढणाऱ्या १०० जणींमध्ये पहिल्याच चक्रात २९, तेवढं मात्र आमच्या टपरीवरच्या पुरुष मंडळींनीही मनावर घ्यावं, सिगरेटनं त्यांचंही बीज खराब होतंच.

हिंगोली_हाऊसवाईफ
आणि ज्यांना नको आहे त्यांचं काय? मला ॲपवर सेफ दिवस हिरवे दिसतात.

अंबाजोगाईची_डॉक्टर
त्या हिरव्यावर जाऊ नका. तारखांवरून टाळायची जी अभ्यासलेली पद्धत आहे, माला चक्र, ३२ मण्यांची माळ, ती ८ ते १९ हे बाराही दिवस धोक्याचे धरते, तेही चक्र २६ ते ३२ दिवसांत बसणाऱ्या बाईलाच. एवढी मोठी खिडकी टाळूनही नेहमीच्या वापरात वर्षाला शंभरातल्या सुमारे १२ जणींना दिवस राहतात. ॲपवाला पाच-सहा दिवस लाल करतो आणि बाकी हिरवं. नको असेल तर तांबी, गोळ्या, निरोध, या सरळ मला येऊन विचारा.

सोनपेठची_सून
यांच्याशी बोलले. रिपोर्ट चाकणला करून घेतो म्हणाले, आधी जरा आढेवेढे घेतले, मग हे सगळं वाचून दाखवल्यावर गप्प बसले. येणं पण एक आठवडा सरकवायचं म्हणतात, आणि १५ ते २० च्या मधे जोडून तीन-चार दिवस रजा. आता प्रश्न शिफ्टच्या इन्चार्जला कारण काय सांगायचं.

परभणी_पॅसेंजर
त्यात काय वहिनी, सांगा म्हणावं या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची हाय, हरभऱ्याला पाणी द्यायला घरी माणूस नाही. इन्चार्ज आपल्या बाजूचा निघाला तर रजा देऊन वर विचारील, डीपी तर जळाली नाही ना.